हिवाळ्यातलं आयर्लंड, स्वतः गाडी चालवत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॉलवेत राहायला येऊन मला चौदा वर्षं झाली. दिवाळी आटोपली की पुण्या-ठाण्याहून फोन सुरू होतात. "नाताळच्या सुट्टीत येतोय, गाडी भाड्याने घेऊ म्हणतोय, फक्त एक विचारायचं होतं." ते 'एक' दीड तास चालतं आणि पुढच्या आठवड्यात जावेच्या भावाला तेच सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणून यंदा लिहूनच काढलं. घरातल्या लोकांना देते तीच उत्तरं आहेत, तेव्हा एखाद्या ठिकाणी फटकळ वाटलं तर वाटू द्या.

हिवाळ्यातच का यायचं? लोक तर जून-जुलै सांगतात.

लोक बरोबर सांगतात. निळं आकाश आणि हिरव्या टेकड्यांचे फोटो हवे असतील तर मे-जूनमध्येच या. हिवाळ्यात गाडीचं भाडं आणि खोल्या स्वस्त मिळतात, रस्ते रिकामे असतात. उन्हाळ्यात जिथे टूरिस्ट बसच्या मागे अर्धा तास सरपटत जावं लागतं, तिथे डिसेंबरात तुम्ही आणि चार मेंढ्या. क्लिफ्स ऑफ मोहरच्या कड्यावर उभं राहून समुद्राचा आवाज ऐकायचा तर तो जानेवारीतच. ऑगस्टमध्ये माणसांचाच ऐकू येतो.

शिवाय काही गोष्टी हिवाळ्यातच दिसतात. क्लेअर परगण्यातला बरेनचा भाग सगळा चुनखडीचा. पाणी वर टिकत नाही, खडकाच्या भेगांतून खाली जातं. हिवाळ्यात जमिनीखालचं पाणी वर येतं आणि उन्हाळ्यात जिथे गुरं चरत होती त्या कुरणाचं तळं होतं. याला इथे तुरलॉक म्हणतात. कॅरन गावाजवळचं तर रस्त्यावरूनच दिसतं: कुंपणाच्या दगडी भिंती पाण्यात उतरत गेलेल्या आणि कधी त्यात आइसलँडहून थंडीपुरते आलेले हूपर हंस. मे महिन्यात येणाऱ्याला तिथे फक्त गवत दिसतं.

थंडी किती असते? बर्फ मिळेल का?

बर्फ हवा असेल तर काश्मीरला जा, खरंच. आयर्लंड ५१ ते ५५ अंश अक्षांशांवर आहे, पण अटलांटिकचा उबदार प्रवाह शेजारून जातो म्हणून इथे फार गोठत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिवसा ७ ते १० अंश, रात्री २ ते ४. अधूनमधून शून्याखाली. सखल भागात बर्फ पडला तर ती बातमी होते. २०१८च्या मार्चच्या सुरुवातीला मोठा पडला होता, त्याबद्दल लोक अजून बोलतात.

त्रास आकड्याचा नाही, ओलाव्याचा आहे. पुण्यातली १० अंशांची सकाळ कोरडी असते, ऊन वर आलं की स्वेटर उतरतो. इथली १० अंशांची दुपार हाडात मुरते आणि रात्री खुर्चीवर टाकलेली जीन्स सकाळी टाकली तेव्हापेक्षा दमट लागते.

पाऊस किती?

गॉलवेला वर्षभरात साधारण १,२०० मिलिमीटर पडतो. महाबळेश्वरला एकट्या जुलैत त्याहून जास्त पडतो. म्हणजे मिलिमीटरला घाबरू नका, दिवस मोजा. पश्चिम किनाऱ्यावर वर्षातले सव्वादोनशेच्या आसपास दिवस पावसाचे असतात, पूर्वेला दीडशेच्या. आपल्याकडे पाऊस येतो, कोसळतो, जातो. इथला ठाण मांडून बसतो. धड पाऊसही नाही आणि धुकंही नाही असं काहीतरी दिवसभर हवेत असतं. त्याला इथले म्हातारे 'सॉफ्ट डे' म्हणतात, तेही कौतुकाने. आमच्या शेजारच्या आजोबांनी पहिल्यांदा तसं म्हटलं तेव्हा मला वाटलं, माझीच थट्टा चाललीय.

दिवस किती तासांचा?

हाच खरा प्रश्न. आणि हाच कोणी विचारत नाही, म्हणून मीच मधे घातला आहे.

२१ डिसेंबरला डब्लिनमध्ये सूर्य सकाळी ८.३८च्या सुमारास उगवतो आणि दुपारी ४.०८ला मावळतो. संध्याकाळी म्हणवत नाही, दुपारीच. साडेसात तास. पश्चिमेला केरीकडे दोन्ही वेळा पंधरा-वीस मिनिटं पुढे सरकतात, लांबी जवळपास तीच. ढग असतील तर साडेतीनलाच दिवे लागतात.

लोक आराखडा करताना किलोमीटर मोजतात. "हे तर १८० किलोमीटरच आहे, नाश्ता करून निघू, चहाला पोहोचू." अहो, नाश्ता नऊला. थंडीत मुलांना कपडे चढवून गाडीत बसेपर्यंत दहा. चारला अंधार. हातात सहा तास. त्यातून जेवण, पेट्रोल, दोन-तीन थांबे वजा करा. केरीची प्रसिद्ध रिंग, म्हणजे किनाऱ्याने फिरून येणारा गोल रस्ता, १७९ किलोमीटरची आहे. ती न थांबता साडेतीन-चार तासांत होते, पण न थांबता करायची तर टीव्हीवर बघितलेली बरी.

म्हणून माझा नियम: उजेडातले दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर, फार तर दीडशे. त्याहून जास्त अंतर असेल तर ते मोटरवेचं असावं. गावाकडचा रस्ता सूर्य मावळायच्या आत संपवायचा. अंधारात त्या रस्त्यांवर दिवे नसतात, कडेला पट्टा नसतो, आणि ज्या दऱ्या-समुद्रासाठी आलात ते काहीच दिसत नाही.

आणखी एक. भर दुपारी बारालाही डब्लिनचा सूर्य क्षितिजापासून तेरा अंशांवरच असतो. त्याच दिवशी पुण्यात तो अठ्ठेचाळीसवर असतो. म्हणजे इथे ऊन पडलं की थेट डोळ्यांत, त्यात रस्ता ओला, तोही चमकतो. हिवाळ्यात आयर्लंडला गॉगल घेऊन या म्हटलं की सगळे हसतात. पहिल्याच दिवशी दक्षिणेकडे तोंड करून चालवताना हसू जातं.

आठवड्याभरात काय काय होईल?

गेल्या वर्षी मावसभावाने पाठवलेल्या यादीत सात दिवसांत अकरा ठिकाणं होती. मी आठ खोडली. तो चिडला, पण परत जाताना म्हणाला की अजून एक खोडायला हवं होतं.

नऊ रात्री असतील तर असं करा. पहिल्या दोन डब्लिनला, गाडीशिवाय. भारतातून थेट विमान नाही, रात्रभर प्रवास करून, मधे कुठेतरी विमान बदलून येता, घड्याळ साडेपाच तास मागे गेलेलं असतं. तशा अवस्थेत विमानतळावरून गाडी काढून डब्लिनभोवतीच्या एम ५० मोटरवेवर जाऊ नका. डब्लिनला गाडी लागतही नाही, पार्किंगचा खर्च मात्र लागतो. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी घ्या, किल्केनीला एक रात्र (१३० किलोमीटर, बहुतेक मोटरवे). मग किलार्नीला तीन रात्री. मग गॉलवेला तीन. शेवटच्या दिवशी एम ६ धरून डब्लिन, सव्वादोन-अडीच तास.

एका ठिकाणी तीन रात्री म्हणजे एक दिवस पावसात गेला तरी दोन उरतात. रोज हॉटेल बदललं की ज्या दिवशी पाऊस, ते ठिकाण कायमचं गेलं.

किलार्नीहून गॉलवेला जाताना लिमरिकवरून जाऊ नका. टार्बर्टला जाऊन शॅनन नदीच्या मुखावरची फेरी पकडा. गाडीसकट वीस मिनिटांत पलीकडे क्लेअरमध्ये किलिमरला उतरता, १३७ किलोमीटरचा वळसा वाचतो आणि क्लिफ्स ऑफ मोहर वाटेतच येतात. हिवाळ्यातही चालते, फक्त नाताळच्या दिवशी नाही. वादळात बंद राहू शकते, निघण्याआधी बघा.

डिंगलचा स्ली हेड रस्ता किलार्नीहून एका दिवसात होतो. फेरा ४७ किलोमीटरचा, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने करायचा, म्हणजे समोरून गाडी येण्याचे प्रसंग कमी. एका वळणावर डोंगरातला ओढा चक्क रस्त्यावरून वाहत जातो. आपल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही, ताम्हिणी आठवतो. पुढे पाट्या फक्त आयरिश भाषेत दिसायला लागतात. 'गो मॉल' म्हणजे सावकाश. खरेदीशी संबंध नाही.

स्केलिग मायकलचा विचार सोडा, बेटावर उतरवणाऱ्या बोटी मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच असतात.

भारतातलं लायसन्स चालतं का?

फिरायला आलेल्या माणसाला चालतं, मुदतीत असलं आणि सोबत असलं म्हणजे झालं. फोनवरचा फोटो किंवा डिजिलॉकर इथे कोणी मानत नाही, कार्डच आणा. आंतरराष्ट्रीय परवानाही काढून ठेवा. आरटीओतून मिळतो, परिवहनच्या पोर्टलवर फॉर्म ४ए भरायचा, मुदत एक वर्ष. काही गाडीवाले मागतात, काही बघतही नाहीत. काउंटरवर वाद घालण्यापेक्षा खिशात असलेला बरा.

वयाची अट आधी बघा. पंचविशीच्या आतल्यांना जादा पैसे पडतात किंवा गाडीच मिळत नाही. सत्तर-पंचाहत्तरच्या वरच्यांनाही बऱ्याच ठिकाणी नाही म्हणतात. बाबांच्या नावावर बुकिंग करताना हे लक्षात असू द्या.

व्हिसा? आणि जायंट्स कॉजवे बघायला उत्तरेला जाता येईल ना?

आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या गटात, नाही. शेंगेन व्हिसा असला तरी इथला वेगळा काढावा लागतो.

जायंट्स कॉजवे, म्हणजे समुद्रकाठचे ते षटकोनी दगडी खांब, उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत आहे. सीमेवर चौकी नाही, फाटक नाही, साधी स्वागताची पाटीसुद्धा दिसेलच असं नाही. काठाची पिवळी रेघ पांढरी झाली आणि वेगाच्या पाट्या मैलांत आल्या की समजायचं, देश बदलला. पण अडवत नाही म्हणजे परवानगी आहे असं नव्हे. भारतीय पासपोर्टवर तिकडे जायला ब्रिटनचा व्हिसा लागतो, नाहीतर तुमच्या आयरिश व्हिसावर 'बी-आय-व्ही-एस' असा शिक्का हवा. त्या योजनेत एका व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं, अट एवढीच की ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरायचं. भारतीयांसाठी ही सोय २०१५पासून आहे. व्हिसा हातात आला की ती अक्षरं आहेत का ते बघा, मगच बेलफास्टचं हॉटेल करा.

गाडीवाल्यांनाही आधी सांगा की उत्तरेला जाणार. बरेच जण त्याचे वेगळे पैसे घेतात, आणि न सांगता गेलात तर विमा लागू होत नाही. तिकडे '६०' दिसलं तर ते मैल आहेत, म्हणजे ताशी ९७ किलोमीटर. परत आल्यावर उलटा हिशेब विसरू नका, दंड तिथेच बसतो.

गाडी कुठली घ्यावी?

लहान. याहून लहान नाही का, असं विचारा. सामानाच्या चार मोठ्या बॅगा आणून मोठी गाडी घेणारे लोक केरीच्या रस्त्यांवर दुसऱ्याच दिवशी रडतात.

स्टीअरिंग उजवीकडे, गिअर डाव्या हाताला, आपल्यासारखंच. ऑटोमॅटिक गाड्या मिळतात, पण महाग. भारतात रोज गिअरची गाडी चालवत असाल तर पैसे वाचवा. रोज ऑटोमॅटिक चालवत असाल तर मात्र चढावर, पावसात, मागे ट्रॅक्टर असताना क्लच शिकायचा प्रयोग नको.

इलेक्ट्रिक? पहिल्या खेपेला नको. थंडीत पल्ला कमी होतो आणि साडेसात तासांच्या दिवसातला एक तास चार्जिंगला उभं राहण्यात जातो.

इन्शुरन्सचं काउंटरवर काय काय सांगतात. सगळं घ्यायचं का?

भाड्यात मूळ विमा असतो, पण नुकसान झालं तर पहिले दीड-दोन हजार युरो, कधी त्याहूनही जास्त, तुमच्या खिशातून. तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. तेव्हा कार्डाची मर्यादा तपासून या. डेबिट कार्ड घेऊन आलेल्या माझ्या नणदेला गाडी मिळाली नव्हती. पैसे खात्यात होते, तरी नाही.

ही रक्कम शून्यावर आणणारा जादा विमा काउंटरवर महाग पडतो. निघण्याआधी वेगळ्या कंपनीकडून घेतला तर स्वस्त, पण मग काही झालं की आधी तुम्ही भरायचे आणि नंतर मागून घ्यायचे, आणि अनामत अडकतेच. शांत झोप हवी असेल तर काउंटरवरचा. काहीही घ्या, टायर, काच आणि गाडीचा तळ त्यात आहे का हे विचाराच. इथे नेमकं तेच जातं.

आमचंच सांगते. पहिल्या वर्षी, स्वतःची गाडी नव्हती तेव्हा, एकदा भाड्याची घेतली. कॉनेमारात समोरून व्हॅन आली म्हणून यांनी गाडी कुंपणाकडे घेतली. हिरवी झुडपं दिसत होती म्हणून बिनधास्त घेतली. झुडपाच्या आत दगडी भिंत होती. टायरच्या बाजूला तळव्याएवढी चीर. विमा 'सगळा' होता, टायर त्यात नव्हता. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: इथलं कुंपण हिरवं दिसलं तरी आत दगड आहे असंच धरून चालवा.

गाडी घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, चाकांच्या रिमसकट. पाऊस असेल तर ओरखडे दिसत नाहीत, छताखाली घेऊन काढा. परत देतानाही काढा.

आपणही डावीकडूनच चालवतो. मग सोपंच की?

निम्मं सोपं. अमेरिकेतून आलेल्यांपेक्षा तुम्ही नक्कीच बरे. घाटात पावसाळ्यात गाडी चालवली असेल तर ओला रस्ता आणि धुकं नवं नाही. नवा आहे तो वेग, आणि शिस्त.

रस्त्याच्या नंबराआधीचं अक्षर वाचायला शिका. एम म्हणजे मोटरवे, १२०. एन म्हणजे राष्ट्रीय, बहुतेक १००. आर म्हणजे प्रादेशिक, ८०. एल म्हणजे गावचा रस्ता. तिथे पूर्वी ८० होता, फेब्रुवारी २०२५पासून ६० केला. वस्तीत साधारण ५०. ही कमाल मर्यादा आहे. ६०ची पाटी असलेल्या कितीतरी वळणांवर ३० देखील धाडस आहे.

एल रस्त्यांतले सगळ्यात बारीक ते बोरीन. एकच गाडी मावेल एवढे, मध्ये गवताची रांग. नकाशाचं ॲप दोन मिनिटं वाचवायला तुम्हाला खुशाल त्यात घालतं. समोरून गाडी आली तर ज्याच्या मागे रुंद जागा जवळ असेल त्याने मागे जायचं, मोठी गाडी आहे म्हणून कोणी अडून बसत नाही. रिव्हर्सचा सराव करून या, विनोद नाही.

राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, बाहेर पडताना डावा इंडिकेटर. आपल्याकडे चौकात नाक घातलं की रस्ता मिळतो. इथे नाक घातलं तर समोरचा ब्रेक मारतो आणि तुमच्याकडे अशा दुःखी नजरेने बघतो की हॉर्न परवडला. हॉर्न मात्र वाजवायचा नाही. वळणावर सावध करायलाच काय तो.

दिवसाही हेडलाइट खाली करून चालू ठेवा. समोर गाडी दिसली की अप्पर बंद. फोन हातात धरणं गुन्हा आहे, सिग्नलला थांबला असलात तरी. आणि दारू: तपासणीसाठी कुठेही थांबवू शकतात, मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम. एका पाइंटचं गणित मांडत बसू नका. खोली पबपासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्या आणि गाडी तिथेच राहू द्या.

पत्ता शोधायला एअरकोड वापरा. २०१५पासून इथे प्रत्येक घराला सात अक्षर-अंकांचा स्वतंत्र कोड आहे. तो टाकला की थेट दारात. नावाने शोधलं तर एकाच परगण्यात तीन 'किल' आणि सहा 'बॅली' सापडतात.

सकाळी काचेवर बर्फ असेल तर?

गरम पाणी ओतायचं नाही. आमच्या पाहुण्यांपैकी एकाने किटली घेऊन धाव घेतली होती, मी पायजम्यात मागे धावले. गार काचेवर उकळतं पाणी पडलं तर तडा जातो, आणि गेला नाही तरी सांडलेलं पाणी दारात गोठतं. प्लास्टिकचा स्क्रेपर पेट्रोल पंपावर दोन-तीन युरोला मिळतो. नसेल तर जुनं प्लास्टिक कार्ड. वायपरने बर्फ काढू नका, रबर फाटतं. दहा मिनिटं हाताशी ठेवूनच निघायची वेळ ठरवा.

त्याहून मोठा वैताग आतल्या वाफेचा. चार माणसं, ओले कोट, ओले बूट, बंद खिडक्या. पाच मिनिटांत काच पांढरी. हीटर लावताच, पण सोबत एसीही लावा, हवा आत फिरवणारं बटण बंद करा. थंडीत एसी म्हटल्यावर लोक माझ्याकडे बघतात, पण एसी हवेतलं पाणी काढून घेतो. कोट डिकीत टाका.

गाडीच्या पडद्यावर तापमान ३ किंवा खाली दिसलं तर रस्त्यावर न दिसणारा बर्फ असू शकतो. डांबर नुसतं ओलं वाटतं, पण गुळगुळीत काच असते. सावलीतली वळणं आणि पूल आधी गोठतात. मोठ्या रस्त्यांवर मीठ टाकतात, गावच्या रस्त्यांवर नाही. अशा सकाळी दहा-साडेदहाला निघा. विकलोमधल्या सॅली गॅपसारख्या डोंगरी वाटांवर तर जाऊच नका.

वादळाचा इशारा आला तर?

इथलं हवामान खातं म्हणजे मेट एअरन. परगण्यागणिक इशारे देतं: पिवळा, नारिंगी, लाल. पिवळा हिवाळ्यात येतच असतो, जपून चालवा. नारिंगी असेल तर किनाऱ्याचा बेत रद्द. लाल असेल तर खोलीतून हलायचं नाही. २४ जानेवारी २०२५ला एओविन वादळात गॉलवेच्या किनाऱ्यावर ताशी १८० किलोमीटरच्या वर झोत नोंदले गेले, देशात ७ लाख ६८ हजार ग्राहकांची वीज गेली. आमची सहा दिवसांनी आली. त्या दिवशी रस्त्यावर झाडं आडवी होती, आणि कोणी बाहेर नव्हतं म्हणून निभावलं.

म्हणून रद्द करता येणारीच बुकिंग करा. रस्त्यावर पाणी साचलं असेल आणि तळ दिसत नसेल तर आत घालू नका. पाण्याखाली रस्ता आहे की गटार, हे स्थानिकांनाच ठाऊक. मदतीला ११२ किंवा ९९९.

टोल, पेट्रोल?

डब्लिनच्या एम ५० वर नाका नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी रात्री ८च्या आत ऑनलाइन किंवा दुकानात भरायचं. भाड्याच्या गाडीचा टोल कंपनी परस्पर भरते का, हे चावी घेतानाच विचारा. बाकीच्या टोलना नाके आहेत, थोडी नाणी जवळ ठेवा.

पेट्रोल स्वतः भरायचं. हिरवं नोझल पेट्रोल, काळं डिझेल. घाईत चुकू नका, ते सहसा विम्यात नसतं.

२५ डिसेंबरला काय करायचं?

काही नाही. सगळं बंद. बस नाही, रेल्वे नाही, डब्लिनच्या विमानतळावरून प्रवासी विमानंही नाहीत. दुकानं, हॉटेलांची स्वयंपाकघरं, प्रेक्षणीय ठिकाणं, बंद. २४च्या दुपारीच शटर पडायला लागतात. स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, २३ला किराणा भरा, आणि २५ला खिचडी टाकून खिडकीत बसा, नाहीतर समुद्रावर चालून या. थंडगार पाण्यात उड्या मारणारे लोक दिसतील, ती इथली रीत आहे. २६लाही बरंच बंद असतं. डिंगलला असाल तर त्या दिवशी गवताचे पोशाख घालून, ढोल-बासऱ्या वाजवत निघणारी 'रेन'ची, म्हणजे त्या नावाच्या चिमुकल्या पक्ष्याची, मिरवणूक बघा. आपल्या शिमग्याची आठवण येते.

शाकाहाऱ्याने काय खायचं? घरून काय आणू?

शहरांत काही अडत नाही. गावाकडच्या पबमध्ये सूप आणि तपकिरी ब्रेड, चीज टोस्टी, चिप्स. 'व्हेजिटेबल सूप' कोंबडीच्या पाण्यात केलेलं असू शकतं, विचारा. मुख्य म्हणजे वेळ: हिवाळ्यात स्वयंपाकघर साडेआठला, कधी आठलाच बंद होतं. नऊला जेवणाऱ्या घरांनी सवय बदलायची.

आणताना, दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणायला बंदी आहे. चितळ्यांची बाकरवडी आणा, पेढे आणि तूप आणू नका. ताजा कढीपत्ता, आंबे, भाज्या नकोत. नारळाला परवानगी आहे, पण कोण आणणार! मेतकूट, भाजणी, चिवडा, थेपले आणि चहा मसाला. एवढ्यावर माणूस आयर्लंड पार करतो.

कपडे?

छत्री आणू नका, पहिल्या वाऱ्यात उलटते. खरा वॉटरप्रूफ कोट, टोपीचा. 'वॉटर रेझिस्टंट' नाही. आत दोन-तीन पातळ थर. बूट पाणी न शिरणारे, आणि मोज्यांच्या जोड्या वाटतात त्याच्या दुप्पट. जाडजूड लोकरीचा कोट भिजला की दोन दिवस वाळत नाही.

आई-बाबा आणि लहान मुलं सोबत आहेत.

दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या आणि छत्तीस किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांना चाइल्ड सीट किंवा बूस्टर सक्तीचं आहे. मांडीवर घेऊन बसायचं नाही. आई-बाबांसाठी खोली तळमजल्यावर मागा, जुन्या बी अँड बींना (घरगुती, नाश्त्यासकट खोल्या) लिफ्ट नसते आणि जिना अरुंद. मोहरला पार्किंगपासून थोडं चालावं लागतं, वारा असेल तर ज्येष्ठांना आतल्या प्रदर्शनात बसवा. कड्याच्या काठाशी सेल्फी नको, वारा ढकलतो म्हणजे खरोखर ढकलतो.

न्यूग्रेंजला सूर्यकिरण आत येतो तो बघता येईल?

इजिप्तच्या पिरॅमिडांपेक्षा जुनी, इसवी सनापूर्वी ३२००च्या सुमाराची ही समाधी. २१ डिसेंबरच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या, आसपास सूर्योदयाला दारावरच्या झरोक्यातून किरण आतल्या दालनापर्यंत जातो आणि सतरा मिनिटं राहतो. त्या सकाळी आत जायला सोडत निघते, त्यात नंबर लागेल असं धरू नका. आणि लागला तरी ढग असतील तर अंधारच. एरवीच्या सफरीत तो प्रकाश दिव्याने दाखवतात, तेही अंगावर काटा आणतं. तिकीट आधी काढा, स्वतःच्या गाडीने थेट समाधीपाशी जाता येत नाही, केंद्रातून बसने नेतात.

दिवसभर पाऊसच पडला तर?

डब्लिनला असाल तर चेस्टर बीटी संग्रहालय, किल्ल्याच्या आवारात, फुकट. तिथे मुघल काळातली आपल्याकडची लघुचित्रं आहेत, अशी की नाक काचेला लावून बघावीत. गॉलवे किंवा डूलिनला असाल तर पबच्या कोपऱ्यात संगीताची बैठक शोधा. फिडल, बासरी, कोणीतरी मध्येच येऊन बसतं, कोणी जाहीर काही करत नाही. कॉफी मागवूनही बसता येतं. वाजवणाऱ्यांच्या जागेवर मात्र बसू नका, ती ठरलेली असते.

गप्पा निघाल्या की कोणीतरी 'इंडियात कुठले' विचारतंच. महाराष्ट्र म्हटलं की पुढे लिओ वराडकर येतात. दोनदा पंतप्रधान झालेल्या या माणसाच्या वडिलांकडचं मूळ गाव मालवणजवळचं वराड, आणि तो स्वतः २०१९च्या डिसेंबरात तिथे जाऊन आला होता. कोकणातले असाल तर पुढचा तासभर तुम्हाला कोणी उठू देत नाही.

गावाकडे समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर बोट दाखवतो. आमचं काही चुकतंय का?

नाही. तो नमस्कार आहे. स्टीअरिंगवरचा हात न काढता तर्जनी जेमतेम दोन इंच उचलायची, बस्स. ओळख लागत नाही. तुम्हीही तसंच करा. माझे दीर पहिल्या दिवशी उत्साहाने दोन्ही हात जोडत होते, आणि पुढे वळण होतं.